गाडी काळा धूर टाकतेय, ओढत नाही? ईजीआर व्हॉल्व्ह तपासायचा आणि बदलायचा कसा

चिपळूणहून कराडकडे जाताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट लागतो. डिझेल गाडीची तब्येत कळायला आमच्या भागात याहून चांगली जागा नाही. सपाटीवर गुमान चालणारी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर दम टाकते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा तर वेग वाढत नाही, आणि आरशात बघावं तर मागे काळा लोट. मागचा दुचाकीवाला तोंडावर रुमाल धरून पुढे निघून जातो. घरी येऊन कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "ईजीआर गेला असेल, बदलून टाक." नाहीतर त्याहून वाईट, "पत्रा मारून बंदच करून टाक." ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, जळून बाहेर निघालेला धूर थोडा परत इंजिनात सोडायची सोय.

ज्यांनी आजवर गाडीचं ऑइल किंवा एअर फिल्टर स्वतः बदललाय, हातात पाना धरायची भीती राहिलेली नाही, पण इंजिनात याहून पुढे गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. व्हॉल्व्ह बदलणं हे बहुतेक गाड्यांत दोन-तीन तासांचं काम. तो खरोखर गेलाय का, हे ठरवणं हेच मोठं काम. चार वर्षांपूर्वी मी ते न ठरवताच नवा व्हॉल्व्ह आणून बसवला. काही हजार गेले आणि काळा धूर होता तिथेच राहिला. शेवटी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाचा, रबरी होज चाचपला, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला दोन बोटांएवढी चीर हाताला लागली. गाडी उभी असताना चीर मिटलेली असायची, टर्बोचा दाब आला की उघडायची. त्या दिवसापासून मी ठरावीक क्रमानेच तपासतो आणि तोच क्रम इथे देतो आहे.

हा व्हॉल्व्ह करतो काय

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि २१ टक्के ऑक्सिजन. एरवी ते एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. सिलिंडरमधलं तापमान फार चढलं की मात्र त्यांचा संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. हा वायू फुप्फुसांना त्रास देतो आणि उन्हात जमिनीलगत ओझोन तयार व्हायला हातभार लावतो. तो कमी करायचा तर जळणाचं तापमान खाली आणायला हवं. म्हणून एकदा जळून बाहेर निघालेला धूर थोडा परत इंजिनात सोडतात. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. ते पुन्हा जळत नाहीत, नुसती उष्णता शोषतात. धूर परत आत सोडणारा हा दरवाजा म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह.

डिझेल इंजिनात तो आयडलिंगला आणि हलक्या ॲक्सिलरेटरला उघडा असतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बंद होतो. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला बंदच असावा लागतो. पुढचं सगळं मी डिझेल धरून लिहितो आहे, कारण आपल्याकडे ही तक्रार बहुतकरून डिझेलचीच येते.

बिघाड कसा होतो ते एकदा व्हॉल्व्ह काढून पाहिलात की कायमचं लक्षात राहतं. नुसती काजळी कोरडी असते, ब्रशने झटकली तर झडते. पण इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारी ऑइलची वाफही त्याच वाटेने आत जाते. काजळी आणि ऑइल एकत्र झालं की डांबर तयार होतं. ते थरावर थर चढतं, व्हॉल्व्हच्या दांड्याला आणि बैठकीला, म्हणजे व्हॉल्व्ह टेकून बंद होतो त्या कडेला, चिकटतं. दांडा एक तर अर्धवट उघडा अडकतो, नाहीतर बंदच राहतो. रोज दोन-तीन किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्या, नाहीतर ट्रॅफिकमध्ये तासन् तास नुसत्या घरघरत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. इंजिन नीट तापत नाही आणि व्हॉल्व्ह सतत उघडा असतो.

आधी लक्षणं नीट आठवा

उघडा अडकलेला आणि बंद अडकलेला, या दोघांची लक्षणं वेगळी. उघडा अडकला की चढावर ओढ जाते, काळा धूर येतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं, सिग्नलला गाडी बंदही पडते. इंजिनला हवी तेवढी ताजी हवा मिळत नाही, त्यामुळे डिझेल अर्धवट जळतं. बंद अडकला तर चालवताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. नुसता चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी थंड इंजिनाचा ठोका थोडा कडक वाटतो. म्हणून घाटात काळा धूर आणि स्कॅनरवर "प्रवाह कमी" असा कोड, अशी जोडी आली तर थांबा. दोन्ही गोष्टी एकाच व्हॉल्व्हमुळे होणं अवघड असतं.

वहीत लिहून काढा: त्रास थंड इंजिनाला होतो की तापल्यावर, आयडलिंगला की चढावर, धूर काळा की पांढरा. कूलंट कमी होत असेल आणि पांढरा धूर येत असेल, तर ईजीआर कूलर (परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) आतून गळत असण्याची शक्यता आहे. तशी गाडी पुढे न दामटता आधी गॅरेजला दाखवा.

स्कॅनर लावा, पण कोड लगेच पुसू नका

भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (धुराच्या सरकारी मर्यादांचा एक टप्पा) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनेच आपले दोष कोडने नोंदवायची व्यवस्था, सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट सापडेल. ब्लूटूथचा साधा स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो आणि फोनच्या ॲपवर वाचता येतो. नेहमी दिसणारे कोड असे:

पी०४००: ईजीआरच्या प्रवाहात गडबड.
पी०४०१: प्रवाह कमी.
पी०४०२: प्रवाह जास्त.
पी०४०३: व्हॉल्व्ह चालवणाऱ्या विजेच्या सर्किटमध्ये दोष.
पी०४०४: व्हॉल्व्ह सांगितल्या जागी पोचत नाही.
पी०४०५ आणि पी०४०६: जागा सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल प्रमाणापेक्षा कमी किंवा जास्त.

कोडचा अर्थ "हा भाग बदला" असा नसतो. इंजिनच्या कॉम्प्युटरला काय विचित्र दिसलं, एवढंच कोड सांगतो. पी०४०१ व्हॉल्व्ह अडकल्याने येतो, तसाच पुढचा पाइप काजळीने बुजल्यानेही येतो, आणि हवा मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तरी येतो. सोबत पी०२९९ दिसला तर तो टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड आहे. तेव्हा आधी होज तपासा. सगळे कोड वहीत उतरवा, फोटो काढून ठेवा. पुसायचे ते काम झाल्यावर.

फुकटच्या तपासण्या

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी होज हाताने पिळून, खालून चाचपून बघा. जोडापाशी ऑइलचा ओला डाग असेल तर तिथून दाब निसटतोय असं समजा. क्लिपा सैल असतील तर घट्ट करा. चढावर नुसतं फुस्स ऐकू येत असेल तर होज फाटलाच असं धरून चाला. काळा धूर आणि ओढ जाणं ही लक्षणं फाटलेल्या होजचीही अगदी तीच आहेत, आणि होज व्हॉल्व्हपेक्षा खूप स्वस्तात येतो.

जुन्या गाड्यांतला व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या डोक्याला बारीक रबरी नळी असते. ही नळी तडकलेली, कडक झालेली किंवा उंदराने कुरतडलेली निघाली तर काम दहा मिनिटांत संपलं. नळी शाबूत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला हातपंप लावून व्हॅक्यूम द्या. आतला पडदा चांगला असेल तर पंपाचा काटा जागेवर थांबतो आणि दांडा उचललेला राहतो. काटा घसरत गेला तर पडदा फाटलाय.

मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हसाठी एक साधी गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. दिवसभर चाललेली गाडी शांत जागी उभी करा, बोनेट उघडा, कुणाला तरी चावी बंद करायला सांगा आणि कान व्हॉल्व्हकडे ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन थांबल्यावर कॉम्प्युटर व्हॉल्व्ह एक-दोनदा पूर्ण उघडून बंद करतो, म्हणजे बैठकीवरची काजळी झडते. तेव्हा बारीक झुंय्-टक् असा आवाज येतो. तो स्वच्छ आला तर मोटर जिवंत आहे. अडखळत, करकरत आला तर दांडा रुततोय. सगळ्याच गाड्या असं करत नाहीत, म्हणून आवाज आला नाही एवढ्यावरून व्हॉल्व्हला दोष देऊ नका.

हवेच्या आकड्यावरून निकाल

ही तपासणी मला सगळ्यात विश्वासाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिन दर सेकंदाला किती ग्रॅम ताजी हवा घेतंय, हे हवा मोजणारा सेन्सर सांगतो. ॲपमध्ये तो आकडा दिसतो. ईजीआर उघडला की सिलिंडरमधली काही जागा परतलेला धूर अडवतो, त्यामुळे ताज्या हवेला जागा कमी उरते आणि आकडा पडतो. व्हॉल्व्ह बंद झाला की आकडा चढतो.

आता आकडा किती असायला हवा ते हिशेबाने काढू. उदाहरणाला १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं फियाट घराण्याचं डिझेल इंजिन घेतो. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते होतं आणि पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे, त्यामुळे आपल्या गॅरेजांतून ते चांगलं ओळखीचं आहे. आयडलिंग मिनिटाला ८५० फेऱ्यांचं धरलं तर चार स्ट्रोकच्या इंजिनात निम्म्या, म्हणजे ४२५ फेऱ्यांत हवा घेतली जाते. १.२४८ लिटर गुणिले ४२५ म्हणजे मिनिटाला ५३० लिटर, सेकंदाला साधारण ८.८ लिटर. एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे साडेदहा ग्रॅम. सिलिंडर काही शंभर टक्के भरत नाही, म्हणून प्रत्यक्षात ईजीआर बंद असताना ९ ग्रॅमच्या आसपास आकडा दिसावा. महाबळेश्वरला मोजलात तर हवा विरळ असल्याने तो आठव्या हिश्शाने कमी येईल. तुमचं इंजिन दुसरं असेल तर सीसी आणि फेऱ्या तेवढ्या बदलून हाच हिशेब करा.

इंजिन पूर्ण तापू द्या. एसी, दिवे बंद ठेवा. ॲपमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी लावा: ईजीआरला कॉम्प्युटर किती टक्के उघडायला सांगतोय तो, आणि हवेचा. बराच वेळ आयडलिंगला ठेवली तर काही गाड्या ईजीआर आपणहून बंद करतात, म्हणून एकदा हलकी रेस देऊन सोडा आणि लगेच बघा. आज्ञा ३०-४० टक्के असताना हवेचा आकडा हिशेबापेक्षा बराच खाली असायला हवा. आता इंजिन चालू असतानाच व्हॉल्व्हचा कपलर (वायरींचा जोड) काढा. गरम भागांपासून, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात व बाह्या लांब ठेवा. वीज गेली की आतली स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते, त्यामुळे हवेचा आकडा उसळी मारून हिशेबाच्या जवळ यायला हवा. आला, तर व्हॉल्व्ह उघडतोय आणि बंदही होतोय. मग दोष दुसरीकडे शोधा.

आकडा हललाच नाही तर बघा तो कुठे आहे. आधीपासूनच हिशेबाएवढा असेल, तर व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा मधली वाट बुजलीय. कपलर काढूनही तो बराच खाली असेल, तर उघडा अडकलाय. आणि रेस वाढवली तरी आकडा वेड्यासारखा उड्या मारत असेल तर हवेचा सेन्सरच मळलाय. त्याला फक्त त्याच्यासाठी मिळणारा स्प्रे वापरा, बोट किंवा कापूस लावू नका. कपलर काढल्यामुळे एखादा नवा कोड येईल, त्याची काळजी नको.

विजेचा कोड असेल तर मल्टीमीटर लागेल. कपलर काढून चावी चालू करा. एका पिनेवर ५ व्होल्ट आणि एकीवर अर्थ मिळालाच पाहिजे. तोच नसेल तर वायरिंगमध्ये दोष आहे, व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज आहे का तेही बघा. कोकणातल्या पावसात हे फार होतं.

काढून बघा, मग ठरवा

दांडा रुतला असेल तर आधी साफ करून बघावा. व्हॉल्व्ह काढायची रीत खालीच आहे. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश आणि लाकडी काडी एवढं पुरतं. मोटरची बाजू वर धरा, म्हणजे स्प्रे आत ओघळणार नाही. व्हॉल्व्ह बादलीत भिजत घालू नका. स्क्रू ड्रायव्हरने बैठक खरवडू नका. तिच्यावर ओरखडा गेला तर तो कायमचा गळणार. दोन-तीनदा मारून, थांबून, पुसून काढा.

साफ झाल्यावर अंगठ्याने दांडा दाबून सोडा. तो मऊपणे आत जाऊन टक्‌कन परत यायला हवा. मग व्हॉल्व्ह बंद स्थितीत धरून बैठकीच्या वरच्या बाजूला चमचाभर डिझेल ओता. थोडं पाझरलं तर चालेल, धार लागली तर बैठक गेली. दांडा बाजूला हलतोय, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटलेत, मोटर मेलीय, किंवा साफ करूनही पी०४०४ परत येतोय, या चारांपैकी काहीही असेल तर नवा आणायचा.

चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या पाइपात कसलाही क्लीनर फवारू नका. तो इंजिनला इंधन म्हणून मिळतो आणि चावी बंद करूनही इंजिन बेफाम वाढत जाऊ शकतं.

बदलण्याआधी

नवा व्हॉल्व्ह घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर दोन्ही दाखवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक व्हॉल्व्ह बदललेले असतात. दुकानातच जुना-नवा शेजारी ठेवून कपलरच्या पिना, बोल्टची भोकं आणि तोंडाचा व्यास जुळवा. पॅकिंग नवंच घ्या. धातूचं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

आदल्या रात्री बोल्टांना गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. हे तापणारे बोल्ट असतात. समुद्राकाठच्या गाड्यांत ते अंगाला अंग लागल्यासारखे जाम होतात. अवजारं म्हणजे ८, १०, १२ आणि १३ नंबरच्या गोट्या, लांब एक्स्टेन्शन, स्टार बिट, पक्कड, शक्य असेल तर टॉर्क पाना. शिवाय मास्क आणि हातमोजे. ही काजळी नाकात जाऊ देण्यासारखी नाही.

प्रत्यक्ष काम

इंजिन किमान दोन तास थंड होऊ द्या. गाडी सपाट जागी, हॅन्डब्रेक लावून. बॅटरीचा निगेटिव्ह काढा.

व्हॉल्व्ह सापडत नसेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निघून इनटेककडे जाणारा धातूचा पाइप शोधा. कधी त्यावर नागमोडी घड्या असतात. त्याच्या एका टोकाला तुमचा व्हॉल्व्ह. वर येणारं कव्हर, हवेचा पाइप, एअर फिल्टरची पेटी काढा आणि प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो घ्या. बोल्ट एका पुठ्ठ्यावर आकृती काढून, ज्याच्या त्या जागी टोचून ठेवा. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि आखूड भोकात लांब बोल्ट घातला की आटे जातात.

कपलरची कुलपाची पट्टी उष्णतेने ठिसूळ झालेली असते. ती नखाने पूर्ण वर उचला, मग कपलरलाच धरून ओढा, वायरीला नाही. व्हॉल्व्हला कूलंटच्या नळ्या असतील तर आधी तेवढं कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या. कूलंट गोडसर असतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा.

आता बोल्ट. इथेच नवखी माणसं घाई करतात. पाव फेरा सैल करा, परत थोडा आवळा, पुन्हा सैल करा. हाताला बोल्ट पिळल्यासारखा मऊ लागला, म्हणजे फिरतोय पण सुटत नाही असं वाटलं, तर तिथेच थांबा. तो तुटायच्या बेतात आहे. परत स्प्रे मारा, अर्धा तास जाऊ द्या, पान्याच्या डोक्यावर हलके ठोके द्या. तुटलाच तर खोदत बसू नका. तुटका स्टड काढणं हे खराद-वेल्डिंगवाल्याचं काम, आणि त्याला ते बोल्टचा थोटका भाग वर शिल्लक असताना सोपं जातं.

व्हॉल्व्ह निघाला की उघड्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा. किती फडकी कोंबलीत ते पुठ्ठ्यावर लिहा आणि काढताना मोजून काढा. आत राहिलेलं फडकं इंजिनचा जीव घेऊ शकतं. बसायची जागा प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पट्टीने साफ करा, जुन्या पॅकिंगचा कण राहू देऊ नका. इनटेकच्या तोंडातली काजळी जेवढी हाताला येते तेवढी बाहेरच्या बाजूला ओढून काढा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. खरवडून आत ढकलू नका. जोडणारा पाइप दिव्यापुढे धरून आरपार दिसतो का बघा. हा पाइप बुजलेला ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला तर पी०४०१ आठवड्यात परत येईल.

पॅकिंगवर कसलाही गोंद लावू नका. सगळे बोल्ट आधी बोटांनीच फिरवून धरवा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत टॉर्कचा आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर १० नंबरच्या डोक्याच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे छोट्या रॅचेटला एका हाताने, मनगटाच्या जोरावर. खांद्याचा जोर लावायची जागा नाही ही, कारण खाली बहुधा ॲल्युमिनियम असतं. कपलर टक् आवाज येईपर्यंत दाबा. काढलेलं सगळं उलट क्रमाने लावा, कूलंट काढलं असेल तर भरा आणि त्यातली हवा काढा.

बॅटरी जोडून कोड पुसा. मग इंजिन सुरू न करता चावी अर्धा मिनिट चालू ठेवा, बंद करा, पुन्हा तसंच करा. काही गाड्यांत एवढ्याने कॉम्प्युटर नव्या व्हॉल्व्हची बंद जागा शिकतो. काही गाड्यांत स्कॅनरमधून "ईजीआर ॲडॅप्टेशन" चालवावं लागतं आणि साध्या ब्लूटूथ स्कॅनरमध्ये ते नसतं. तेवढ्यासाठी गॅरेजला जावं लागलं तर जा. ते न करता चालवलं तर नवा व्हॉल्व्हही जुन्यासारखाच वागतो आणि माणूस उगाच दुकानदाराशी भांडत बसतो.

पत्रा मारण्याबद्दल

व्हॉल्व्हच्या तोंडाशी लोखंडी पत्रा बसवून वाट बंद करणारे पुष्कळ आहेत. "मायलेज वाढतं, इंजिन स्वच्छ राहतं, पीयूसीतही पास होते," असं ते सांगतात. पास होते हे खरं आहे, आणि त्यातच सगळी गोम आहे. पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा मोजतात. बीएस-४ साठी मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे मोजलीच जात नाहीत. पत्रा मारल्यावर काजळी कमी दिसते आणि डोळ्यांना न दिसणारा वायू वाढतो. मशीनला तो कळला नाही, तरी मागच्या रिक्षातल्या पोराच्या फुप्फुसांना कळतो. शिवाय प्रवाह येत नाही हे कॉम्प्युटर ओळखतो, पी०४०१ टाकतो आणि कित्येक गाड्यांत ताकदही कापतो. बीएस-६ गाड्यांत तर धुराची पूर्ण साखळी एकमेकांच्या भरवशावर चालते, तिथे एक कडी तोडून बाकीच्या नीट चालतील ही आशा करू नका. मी हे काम कुणालाच करून देत नाही आणि तुम्हीही करू नका, असं मनापासून सांगतो.

पुन्हा लवकर चोंदू नये म्हणून

गावात फिरणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर २५०० फेऱ्यांच्या वर चालवा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून वाफ होऊन याच व्हॉल्व्हवर येऊन बसतं. एअर फिल्टर वेळेवर. पाच-दहा मिनिटं थांबायचं असेल तर इंजिन बंद.

चाचणी

गाडी सुरू करून आधी बोनेट उघडं ठेवूनच ऐका. नव्या जोडापाशी फक्-फक् असा आवाज म्हणजे पॅकिंग नीट बसलेलं नाही. तिथे पांढरा कागद जरा लांबून धरा, काळा ठिपका उमटला तर उघडून परत बसवा. मग वरची हवेच्या आकड्याची तपासणी पुन्हा करा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. त्यानंतर एखादा चढ. मी कुंभार्लीच चढतो. पोफळीपासून हेळवाकपर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, शेजारी बसलेल्याला मागच्या काचेतून धूर बघायला सांगून. दोनशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना बोल्ट हलक्या हाताने एकदा तपासा, सैल नाहीत एवढंच बघा, आणि स्कॅनर लावून एकही कोड परत आलेला नाही याची खात्री करा. तोवर जुना व्हॉल्व्ह भंगारात टाकू नका.